पाठीवरचे बिऱ्हाड आणि छपरावरचे ऊन

श्रोतेहो, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते जरा हिणवूनच म्हणतो. युरोपात मात्र असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेऊन हिंडणारे लोक पुष्कळ आहेत. 1951 साली जर्मनीतल्या वेस्टफालिया या कारखान्याने फोक्सवागनच्या मोटारीत निजण्याची आणि सामान ठेवण्याची सोय करून दिली, आणि मोटारीचे घर झाले. आज त्या घरात दिवा असतो, छोटा फ्रीज असतो, नळाला पाणी चढवणारा पंप असतो. या सगळ्याला वीज पुरवते ती बारा व्होल्टची बॅटरी, आणि बॅटरी भरते ती छपरावरची सोलरची प्लेट.

आता ही प्लेट छपरावर सपाट डकवून टाकली की काम झाले, असे कुणालाही वाटेल. उन्हाळ्यात ते खरेही आहे. बर्लिन शहर साडेबावन्न अक्षांशावर आहे. तिथे 21 जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य 61 अंश वर येतो. सपाट पडलेल्या प्लेटला तेव्हा थेट उन्हाचा आठवा हिस्सा तेवढा कमी मिळतो. त्याचे कुणी फारसे वाईट वाटून घेत नाही. पण डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा 14 अंशांच्या वर चढत नाही, आणि दिवस आठ तासांचाही नसतो. किरण प्लेटवर पडतात ते तिरपे, अगदी घसरत. समोर तोंड करून ठेवलेल्या प्लेटला जेवढे थेट ऊन मिळेल, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा सपाट प्लेटच्या वाट्याला येतो. म्हणजे थंडी जास्त, दिवे जास्त वेळ लागणार आणि वीज चौथाई. म्हणून हे लोक छपरावर प्लेट उचलून धरणारी चौकट बसवतात.

चौकट कशी, तर आपल्या गावातला फॅब्रिकेशनवाला सहज करून देईल अशी. छपरावर दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट, एका कडेला बिजागरी आणि दुसऱ्या कडेला भोके पाडलेले दोन पाय. पाय उभे करायचे, हव्या त्या भोकात खिट्टी घालायची, प्लेट तेवढ्या कलाने उभी राहते. जास्त हुशार माणूस दोन्ही कडांना काढता येण्याजोग्या खिट्ट्या ठेवतो. मग जी कड काढाल ती उचलली जाते आणि दुसरी आपोआप बिजागरीचे काम करते. गाडी पूर्वेला तोंड करून उभी असो की पश्चिमेला, प्लेट दक्षिणेकडे वळवता येते. प्लेटखाली बोटभर तरी मोकळी जागा ठेवतात, कारण वारा खेळला तर प्लेट थंड राहते. उन्हात बसून वीज करणारी ही वस्तू उष्णतेने मात्र मंदावते. तापमान एक अंशाने चढले की शेकड्याला साधारण तीन ते चार दशांश वीज कमी होते. पत्र्याला चिकटवलेली प्लेट पंचवीसऐवजी साठ अंशांना पोचली, तर दहा-चौदा टक्के गेलेच म्हणून समजा.

आकाश ढगाळ असेल तेव्हा मात्र या उठाठेवीचा उपयोग नाही. ढगातला उजेड साऱ्या आभाळातून येतो, त्याला तोंड कुठे दाखवणार? तेव्हा सपाट प्लेटच बरी.

आणि एक मोठी काळजी वाऱ्याची. ताशी 90 किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे 38 किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून गाडी सुरू करण्याआधी प्लेट खाली पाडून घट्ट करावीच लागते. विसरू नये म्हणून स्टिअरिंगलाच चिठ्ठी अडकवून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जर्मनीतल्या हौशी लोकांच्या मोटारींशी आमच्या शिवाराचा काय संबंध? संबंध आहे. आज महाराष्ट्रात अनेक विहिरींवर सौरपंप बसले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या चौकटीला हाताने कल बदलण्याची सोय असते. ती सोय गंजून जाम झालेली असते, हा भाग वेगळा! ती वापरावी की नाही, हे त्याच हिशेबाने ठरते.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, खरे तर पाच अंश उत्तरेलाच कललेला असतो. डिसेंबरात तो 48 अंशांवर असतो. तेव्हा प्लेट अगदी सपाट असेल, तर दुपारच्या थेट उन्हाचा चौथा हिस्सा वाया जातो. पण अक्षांशाइतका, म्हणजे अठरा-एकोणीस अंशांचा कल दक्षिणेकडे देऊन ठेवला, तर डिसेंबरातही शंभरातले ब्याण्णव हाती येतात. जर्मनीत चौपट फरक, इथे आठ टक्क्यांचा. तेव्हा रोज उठून प्लेट फिरवत बसण्याची आपल्याला गरज नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. वर्षातून दोनदा पुरे: दसऱ्याच्या सुमारास कल वाढवून पस्तीस अंशांच्या आसपास न्यावा, आणि होळीनंतर कमी करावा. मात्र दहा अंशांखाली नेऊ नये, नाहीतर पावसाने धूळ धुऊन जात नाही. गहू-हरभऱ्याला पाणी लागते ते नेमके सूर्य खाली असतो त्या महिन्यांत, म्हणून हे आठ टक्के अगदीच सोडून देण्यासारखे नाहीत. शिवाय वळवाच्या वादळांआधी प्लेटा खाली आलेल्या बऱ्या.

कल नेमका आला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. भर दुपारी प्लेटच्या काचेवर एक पेन्सिल अगदी काटकोनात उभी धरा. तिची सावली जिकडे लांबते, त्याच्या उलट बाजूला सूर्य आहे. चौकट हलवत सावली पेन्सिलीच्या बुडाशी नाहीशी झाली, की प्लेटचे तोंड सूर्याकडे झाले. त्या दिवसापुरता तो कल अचूक.

पण एकट्याने हे करू नका. एकेक प्लेट वीस-पंचवीस किलोची असते. आणि मोटारीवरची एखादी प्लेट वीस व्होल्टच्या आसपास वीज देते, तर पंपाच्या प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांच्या तारांत शेकडो व्होल्ट असू शकतात. पंपाचा खटका पाडला म्हणजे तारा मेल्या असे समजू नका. ऊन आहे तोवर प्लेट वीज करतच राहते. तारेचे वेष्टन उंदराने कुरतडलेले दिसले, तर चौकटीलाही हात लावू नका, जाणकार माणसाला बोलवा.

चौकट फिरवल्यावर सावली कुठे पडते तेही पाहा. प्लेटच्या एका कोपऱ्यावर शेवग्याच्या फांदीची सावली आली, तर तेवढ्या कोपऱ्याचीच वीज जाईल असे नाही. आतले घट माळेसारखे गुंफलेले असतात, एक अडला की माळेचा मोठा भाग अडतो.

शिक्षक मंडळींना एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. 22 डिसेंबरला मुलांकडून मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करून घ्या आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजा. कोल्हापूरला ती सुमारे 84 सेंटिमीटर भरेल, पुण्याला 90, नागपूरला 98-99. घड्याळात बारा वाजले म्हणून मोजू नका. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आहे. पुण्याला त्या दिवशी खरी दुपार बारा वाजून तेहेतीस मिनिटांच्या सुमारास होते, नागपूरला बारा-बाराच्या सुमारास. मुलांना बारापासून दर पाच मिनिटांनी खूण करायला लावा, आखूड खूण कोणती ते ती आपणच सांगतील.