धोका टळल्यानंतरचा घाव



राजूरच्या कॉलरीत आणि चुनाभट्ट्यांवर राबलेल्या कितीतरी आईबापांची मुलं आज इथे पदवीधर होऊन बसली आहेत. तुमचं आणि त्यांचंही मनापासून अभिनंदन. फौजदारी वकिलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तुम्ही बोलावलंत, म्हणून विषयही तिथलाच आणला आहे. स्वतःचा जीव वाचवताना समोरच्याचा जीव घेण्याची वेळ आली, तर कायदा कुठपर्यंत आपल्या पाठीशी उभा राहतो?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न साऱ्या देशासमोर आला तो एका वाघिणीमुळे. पांढरकवडा वनविभागातली टी-१, लोक जिला अवनी म्हणत. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. राळेगावच्या पट्ट्यात लोक शेतात जायला धजत नव्हते. ती भीती खरी होती, शहरात बसून तिला कुणी कमी लेखू नये. वनखात्याचा आदेश असा होता की आधी तिला बेशुद्ध करून पकडावं, ते जमलंच नाही तर गोळी घालावी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ ती मारली गेली. बेशुद्धीचा डार्ट लागल्यावर ती उघड्या गाडीवर चालून आली, म्हणून जीव वाचवण्यासाठी गोळी झाडावी लागली, असं सांगण्यात आलं. पण शवविच्छेदनात गोळी डाव्या अंगाने शिरल्याचं दिसलं, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाला स्वसंरक्षणाचं हे कारण पटलं नाही. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेली अवमान याचिका मागे घेतली गेली. तरी त्या रात्रीचा एक प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे: गोळी सुटली तेव्हा वाघिणीचं तोंड कुणीकडे होतं?

वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, शुद्ध हेतूने वन्यप्राण्याला मारणं हा गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतःच तो कायदा मोडत असाल, म्हणजे शिकारीला निघालेले असाल, तर ही सूट मिळत नाही. संकट आपणच ओढवून घ्यायचं आणि मग बचावाचा हक्क सांगायचा, हे कायद्याला मान्य नाही.

माणसांच्या खटल्यातही आम्ही वकील तेच शोधत असतो. घाव समोरून आहे की पाठीवर? पहिला वार आणि शेवटचा वार यांत काय घडलं? हत्यार तेव्हा कुणाच्या हातात होतं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, ते कलम ३८ मध्ये दिलं आहे. मुलींनो, हे नीट लक्षात ठेवा. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, हल्ला बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्याने असेल, कुणी ॲसिड फेकत असेल, तर तुमचा प्रतिकार त्याच्या जिवावर बेतला तरी तो गुन्हा ठरत नाही. तू पळून का गेली नाहीस, असं म्हणून तुमचा हक्क नाकारता येत नाही. भित्रेपणा हे काही नागरिकाचं कर्तव्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे. बचावाची बाजू संशयातीत सिद्ध करण्याचं ओझंही आरोपीवर नसतं. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं तरी पुरतं.

पण हा हक्क धोक्यासोबत सुरू होतो आणि धोक्यासोबतच संपतो. धुऱ्यावरून भांडण पेटलं, समोरचा कुऱ्हाड घेऊन धावला आणि तुम्ही काठीने त्याला आडवं केलं, तर कायदा तुमच्या बाजूला आहे. तो पडला, कुऱ्हाड लांब जाऊन पडली, आणि त्यानंतर तुम्ही त्याच्या डोक्यात काठी घातली, की बचाव संपला. शुद्ध हेतूने आणि पूर्वतयारी नसताना मर्यादा ओलांडली गेली असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पण त्यालाही वर्षानुवर्षांचा तुरुंग आहेच. अशा खटल्यांत मेलेल्याचं घर उघडं पडतं आणि मारणाऱ्याचंही.

तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच, तर हात थांबल्याबरोबर ११२ ला फोन करा. जागा धुऊ नका, हत्यार हलवू नका, जखमीला दवाखान्यात पोचवा आणि तुमच्या अंगावरच्या जखमा त्याच दिवशी डॉक्टरकडून नोंदवून घ्या. घाबरून लपवाछपवी केली, की खऱ्या बचावावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

आता शेताबद्दल, कारण तुमच्यातले बरेचजण शेतकऱ्यांच्या घरचे आहात. रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक झोपवतात. जागल करून करून माणूस थकतो आणि मग कुणीतरी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. सकाळी तारेला चिकटलेला सापडतो तो शेजारचा गडी, नाहीतर स्वतःचाच मुलगा. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कलम ४१ मध्ये फार थोड्या प्रसंगी आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची भीती वाटावी अशी चोरी. कापूस वेचून नेणाऱ्याला त्यासाठी मारता येत नाही. आणि तारेला तर चोर, ढोर, लेकरू काहीच ओळखता येत नाही. बिहारमधल्या एका माणसाने परक्यांनी शिरू नये म्हणून आपल्या संडासाला उघडी वीजतार लावली आणि एक बाई मेली. मालमत्तेच्या बचावाचा त्याचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच फेटाळला. घरी हे सांगा. झटका मशीन लावायचं तर नियमात बसणारंच लावा, खांबावरून आकडा टाकू नका.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर बचावाचा हक्क नाही, असं कलम ३७ म्हणतं. पण पोलीस दारातूनच परत पाठवत असतील तर? १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात जमावाने गुंड अक्कू यादवला ठार केलं. कस्तुरबानगरच्या बाया त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी करत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. तो पोलिसांच्या ताब्यात होता, म्हणून कायद्याच्या भाषेत त्या हत्येला स्वसंरक्षण म्हणता येत नाही, आणि मीही म्हणणार नाही. २०१४ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. पण त्या वस्तीला तिथवर आणणारा दोष ठाण्यात टेबलामागे बसलेल्यांचा होता.

तुमच्यातलं कुणी पोलिसांत जाईल, कुणी वनरक्षक होईल, कुणी तहसील कचेरीत बसेल. माझी एकच विनंती आहे. घाबरलेली बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन येईल तेव्हा तिला उद्या ये म्हणू नका. हद्द कुठल्याही ठाण्याची असो, तिची तक्रार त्याच दिवशी नोंदवून घ्या.