लाकूड गेले, खूण उरली



औरंगाबादेस रेल्वे पोहोचण्यापूर्वी वेरूळला जाणारे प्रवासी आपल्या नांदगावच्या स्टेशनावर उतरत. तेथील दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. लेणे तर अखंड पाषाणाचे. मग त्याला सुताराचे नाव का? छताकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. लाकडी इमारतीला असाव्यात तशा कमानदार फासळ्या तेथे दगडात कोरल्या आहेत. छत काही त्यांच्यावर तोललेले नाही. हात पाथरवटाचा, पण डोळा सुताराचा!

आजचा आमचा विषय हाच आहे. दगड टिकतो, खापर टिकते. लाकूड, बांबू आणि सूत मात्र वाळवीच्या आणि पावसाच्या तोंडी जाते. म्हणून प्राचीन माणूस दगडी हत्यारांवरच जगला, असा आपला समज होतो. तो खरा नव्हे.

मग गेलेले लाकूड शोधावे कसे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोडनदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांचे खांब केव्हाच कुजले होते. परंतु खांब कुजला, की त्याच्या खळग्यात निराळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. असे खळगे जोडत गेले, की कोठे चौकोनी घर, तर कोठे गोल झोपडी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहते. जळलेले लाकूड तर कुजतच नाही. कोळशाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून झाडाची जात ओळखता येते.

सुताची गोष्ट याहून नवलाची. नेवासे येथे एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे आतला दोरा बचावला होता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम आढळले. चांडोलीच्या माळेतला दोरा जवसाचा निघाला.

पुढे शिलालेखच बोलू लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात मूळच्या लाकडी फासळ्या आजही आहेत, आणि तेथील दाराच्या कामाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेखात बुरुडांच्या श्रेणीचाही उल्लेख येतो. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने ठेव ठेवीत, ते कारागीर समाजात हलके कसे असतील?

आता एक विनंती. गावोगावची पांढरी आपण गाडी भरभरून शेतात नेऊन टाकतो. पीक चांगले येते, हे खरे. पण त्या मातीबरोबर खांबाचे खळगेही जातात, आणि ते पुन्हा कधीच मिळत नाहीत. फावडे घालण्यापूर्वी जाणत्याला एकदा बोलवावे. दुसरे असे, की खांब किती खोल पुरला म्हणजे वाऱ्यात डगमगत नाही, ओला बांबू कोठे चिरावा, हे ज्ञान आमच्या पुस्तकांत नाही. ते आपल्या आळीतल्या वृद्ध सुताराच्या आणि बुरुडाच्या हातात आहे. खळगा आम्ही मोजू. त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा लागेल. तेव्हा त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. ते हात थांबले, तर मातीतली खूण वाचणार कोण?