पेशीचा पहारेकरी : पी-५३



मानवी शरीरात दररोज अब्जावधी पेशींचे विभाजन होत असते. प्रत्येक विभाजनापूर्वी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. ऊन, धूर व विषारी द्रव्ये यांचे आघात निराळे. तरीही बहुतेक पेशी बिघडत नाहीत, याचे मोठे श्रेय पी-५३ या प्रथिनाचे आहे.

हे प्रथिन १९७९ मध्ये उजेडात आले. कर्करोगाच्या पेशींत ते मुबलक आढळले, म्हणून आरंभी त्यालाच अपराधी मानले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला. तोवर अभ्यासले गेले होते ते त्याचे बिघडलेले रूप. मूळ प्रथिन कर्करोगाला आवर घालणारे निघाले. १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हणून गौरविले.

३९३ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे निरोगी पेशीतील प्रमाण अत्यल्प असते. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याच्या नाशाची व्यवस्था अखंड करीत राहते. डीएनएला इजा होताच ही पकड सैल पडते. पी-५३ साठू लागते, त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएला बिलगतात आणि अनेक जनुकांना कामाला लावतात. इजा किरकोळ असेल तर पेशीचे विभाजन रोखून दुरुस्तीला अवधी दिला जातो. इजा भरून येण्याजोगी नसेल तर पेशीला आत्मनाशाचा आदेश मिळतो. एका पेशीचा मृत्यू साऱ्या देहाच्या रक्षणासाठी असतो.

या चौकडीतच दुबळेपणाही दडलेला आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली, तरी सदोष रेणू चांगल्यांत मिसळून चौकडी निकामी करू शकतात. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या जनुकात बिघाड आढळतो.

हा बिघाड काही कुटुंबांत वारशाने येतो. ली-फ्रॉमेनी विकारात तरुण वयातच कर्करोग जडतात. परंतु बहुधा तो आयुष्यात ओढवतो. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरिन या जनुकावर घाव घालते. दमट जागी साठविलेल्या शेंगदाण्यांवर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृताच्या पेशींत त्याचे विशिष्ट अक्षर बदलते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची रीत आणखी वेगळी : जनुक शाबूत राहते, पण विषाणूचे ई-६ प्रथिन तयार झालेल्या पी-५३ चा नाश घडवून आणते.

वारसा कोणाला निवडता येत नाही. मात्र तंबाखूपासून दूर राहणे, धान्य कोरडे राखणे आणि योग्य वयात एचपीव्हीची लस घेणे हे माणसाच्या हाती आहे. जो पहारेकरी प्रत्येक पेशीत अहोरात्र जागा असतो, त्याच्यासाठी माणसाने एवढी जाग ठेवणे अगत्याचे आहे.