शेजारची काकू

गटाचा हप्ता, बँक, शेळ्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या पंधरा वर्षांच्या पोरापोरींबद्दल बोलू या.

गेल्या वर्षी माझा मुलगा नववीत होता. तालुक्याच्या शाळेत पालकसभा होती. कांद्याची काढणी चालू, म्हणून मी शेतातूनच, अंगावरच्या साडीवर गेले. हातात सरांना द्यायला कांद्याची पिशवी. फाटकाशी त्याच्या मित्राने विचारलं, "कोण रे?" तर पोरगं म्हणालं, "आमच्या शेजारची काकू."

एसटीत आम्ही दोघं गप्प. घरी यांच्या कानावर गेलं, तसे हे काठी घेऊन उठले. मी मध्ये पडले, पण खरं सांगते, हात माझाही शिवशिवत होता.

रात्री तो जेवला नाही. मी काही न विचारता त्याच्याजवळ शेंगा फोडत बसले. बऱ्याच वेळाने बोलला. तो वर्गात 'व्हय' म्हणाला की पोरं हसायची. मग शाळेत एक बोलणं, घरी दुसरं. म्हणाला, "आई, मला तुझी लाज वाटली. आणि तशी वाटली म्हणून माझी मलाच लाज वाटली."

एरिक एरिक्सन नावाचे एक मानसतज्ज्ञ होऊन गेले. जन्म १९०२ चा, जर्मनीतला. घर ज्यू, पण पोरगा उंच, सोनेरी केसांचा. ज्यू मुलं त्याला परका म्हणून चिडवत, शाळेतली मुलं ज्यू म्हणून. ना इकडचा ना तिकडचा. पुढे १९५० साली त्यांनी पुस्तकात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यात वयात येतानाचा टप्पा 'मी कोण?' या झगड्याचा. हा झगडा म्हणजे पोर बिघडलं असं नव्हे, त्यातूनच माणूस घडतो. मात्र त्याला सवड लागते, आज हे करून बघायची, उद्या ते.

आपल्या मुलींना ती सवड कुठे मिळते? दहावी झाली की पाहुणे यायला लागतात, कायदा अठराचा असला तरी. आपण कोण हे कळायच्या आत ती कुणाची तरी सून झालेली असते.

पोर आठवडेच्या आठवडे गप्प राहिलं, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट बोलू लागलं, तर मात्र थांबू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मी मुलाला माफी मागायला लावली नाही. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. 'व्हय' पण तुझंच, 'हो' पण तुझंच, एवढंच म्हटलं. लगेच काही बदललं नाही. पुढे दोन महिने तो मला स्टँडवरच थांबायला सांगायचा.

यंदा दहावीची पालकसभा होती. आदल्या रात्री म्हणाला, "आई, दहाला ये. मी फाटकाशी उभा राहतो. फक्त ती कांद्याची पिशवी आणू नको."