मान्यता नसलेली महाविद्यालये आणि न्यायालयाच्या दारातील विद्यार्थी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाकडे पाहण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. एखाद्या मान्यता नसलेल्या व्यावसायिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले नाही, अशी बातमी आली की आपण मोर्चा काढतो, शिक्षणमंत्र्यांना निवेदन देतो आणि 'यात विद्यार्थ्यांचा काय दोष?' असा प्रश्न विचारतो. प्रश्न रास्तच आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांतील न्यायालयीन निकाल एकापुढे एक ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण जी मागणी करतो, म्हणजे परीक्षेस बसू द्या, पदवी द्या, नेमकी तीच मागणी संस्थाचालकालाही हवी असते. त्याचा सारा व्यवहार तिच्याच भरवशावर उभा असतो. म्हणून ह्या वादांची थोडी चिकित्सा करावी, असे मी योजिले आहे.

प्रथम हा व्यवहार चालतो कसा, ते पाहू. चार वजनदार माणसे एकत्र येऊन न्यास नोंदवितात. मान्यतेसाठी अर्ज करतात आणि अर्जाची पोच हाती पडताच फलक लावतात. जाहिरातीत 'मान्यता अपेक्षित' अशी बारीक अक्षरे असतात, प्राचार्यांच्या पदव्या मात्र ठळक असतात. भाड्याच्या इमारतीत वर्ग भरू लागतात. देणगी रोखीने घेतली जाते, पावती तिच्या एका हिश्शाची मिळते. वर्षअखेरीस परीक्षेचे अर्ज परत येतात, आणि मग संस्थेला विद्यार्थ्यांची आठवण होते. उच्च न्यायालयात याचिका दाखल होते. तिच्यावर नावे विद्यार्थ्यांची असतात, वकील संस्थेने दिलेला असतो. परीक्षा चार दिवसांवर आलेली असल्याने न्यायमूर्ती अंतरिम आदेश देतात: तूर्त बसू द्यावे, निकाल राखून ठेवावा. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला हाच आदेश दाखवून प्रवेश दिला जातो. अंतिम सुनावणी होईपर्यंत तीन तुकड्या बाहेर पडलेल्या असतात आणि 'आता ह्या मुलांचे काय करणार?' हाच एकमेव मुद्दा उरतो. विद्यार्थी येथे ढाल म्हणून वापरला जातो, आणि ढालीला स्वतःची बाजू नसते.

महाराष्ट्राला ही भूमी नवी नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. आपली मुले कर्नाटकात जाऊन देणग्या मोजतात, त्यापेक्षा ती सोय येथेच का नको, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे कोणी म्हणणार नाही, कारण शासकीय महाविद्यालयांतील जागा खरोखरच अपुऱ्या होत्या. परंतु ती अपुरी संख्या शासनाने वाढवावी, ह्याऐवजी तिचा व्यापार करण्याची मुभा देण्यात आली. एकेकाळी ह्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायाबापड्या मूठ मूठ धान्य बाजूला काढीत आणि त्यावर गरिबाची पोरे शिकत. देणगी तेव्हा समाजाकडून विद्यार्थ्याकडे जात होती. नव्या व्यवस्थेत ती विद्यार्थ्याकडून संस्थेकडे वाहू लागली. १९८७ साली राज्याला देणगी शुल्काला मनाई करणारा कायदा करावा लागला, ह्यातच चार वर्षांत काय घडले त्याची कबुली आहे.

आता न्यायालयांकडे वळू. ह्या विषयातील पायाभूत निकाल १९८६ चा, आंध्र प्रदेशातील आहे. एका शिक्षणसंस्थेने शासनाची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता नसताना वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, विद्यार्थ्यांकडून मोठ्या रकमा घेतल्या आणि अल्पसंख्याकांना संविधानाच्या अनुच्छेद ३० ने दिलेल्या हक्काचा आधार पुढे केला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने तो दावा फेटाळला. विद्यार्थ्यांनी निदान आम्हाला परीक्षेस बसू द्या, अशी स्वतंत्र याचना केली होती. तीही न्यायालयाने नाकारली. ज्या कायद्याने विद्यापीठ जन्मास आले, तोच कायदा मोडण्याचा हुकूम आम्ही विद्यापीठाला देऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी, त्याच राज्यातील मान्यता नसलेल्या अध्यापक-प्रशिक्षण संस्थांचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने वेगळ्या बाजूने बोट ठेवले: धड प्रशिक्षण न झालेले शिक्षक अजाण बालकांच्या वर्गात सोडणे, ही कोणती करुणा?

१९९१ आणि १९९२ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली. दत्तात्रय अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दयेपोटी न्यायालये अधूनमधून हस्तक्षेप करतात आणि त्याचा परिपाक म्हणजे शिक्षणक्षेत्राच्या नियमनात बेशिस्त माजते. पुढच्याच वर्षी, आपल्या राज्यातील मान्यता नसलेल्या अध्यापक-प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अपुरी साधने आणि अपुरे अध्यापक असलेल्या अशा संस्थांचे पीक आंध्र, बिहार, तामिळनाडू आणि महाराष्ट्र येथे माजले आहे, ही नोंदही त्या निकालपत्रात आहे.

हे निकाल वाचून आपल्यापैकी कोणाला न्यायालय निष्ठुर वाटेल. मला तसे वाटत नाही. शल्यक्रियेची खोली न पाहिलेला डॉक्टर आणि सराव-पाठ न घेतलेला शिक्षक शेवटी कोणाच्या वाट्यास येतो, याचा विचार करा. श्रीमंत माणूस दुसरा डॉक्टर शोधतो, दुसरी शाळा शोधतो. अर्धवट शिकलेला व्यावसायिक वाडीवस्तीवर आणि झोपडपट्टीत जातो. तेव्हा पदवीच्या बाबतीत सहानुभूती दाखविणे म्हणजे एका गरिबाचे नुकसान दुसऱ्या, अधिक असहाय गरिबाच्या माथी मारणे होय. समाजवाद्यांनी ही गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, मग ती मोर्चात लोकप्रिय असो वा नसो.

परंतु येथेच थांबलो, तर आपण निकालाचा अर्धाच भाग वाचला असे होईल. १९८६ च्या त्या निकालपत्रात शेवटी एक महत्त्वाची सूचना आहे. विद्यापीठाने वेळीच इशारे दिले होते, ते ज्यांनी मानले नाहीत त्यांनी आपले नुकसान आपणच ओढवून घेतले, असे म्हणून न्यायालय पुढे सांगते की, तरीही ह्या मुलांची काही भरपाई होत असेल तर ती व्हावी. संस्थेची मालमत्ता विद्यार्थ्यांकडून गोळा केलेल्या पैशांतूनच उभी राहिली असून ती गोठविण्यात आली आहे. निदान आर्थिक भरपाई देण्यासाठी राज्य शासनाने कायद्याचे वा प्रशासनाचे योग्य मार्ग शोधावेत. ह्या निकालातील नकाराचा भाग पुढे वारंवार आधारास घेतला गेला. भरपाईचा भाग मात्र त्या मानाने अडगळीत पडला.

इशाऱ्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. विद्यापीठाचा इशारा वर्तमानपत्राच्या आतील पानावर, इंग्रजी वळणाच्या मराठीत, एकदा छापून येतो. संस्थेचा फलक एस. टी. स्थानकासमोर बारा महिने उभा असतो आणि उद्‌घाटनाच्या छायाचित्रात मंत्री असतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावी झाले आहे, त्या बापाने ह्या दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा? संलग्नता, मान्यता, अनुमतिपत्र ह्या शब्दांतील भेद त्याला ठाऊक असावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे शासनाने आपल्या कर्तव्याचा भार अडाण्याच्या खांद्यावर टाकणे होय.

शिवाय मान्यता देणारेच आपसांत भांडत असतील तर पालकाने काय करावे? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा, तो १९९५ मध्ये अमलात आला. पुढे आपल्या राज्यात परिषद नव्या बी. एड. महाविद्यालयांना मान्यता देत असताना राज्य शासन म्हणत होते की आम्हाला इतक्या शिक्षकांची गरज नाही. २००६ साली संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय परिषदेचा अधिकार श्रेष्ठ ठरविला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. परंतु पुढे राज्यातील कितीतरी अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी ओस पडली आणि पदविका घेतलेले हजारो तरुण भरतीची वाट पाहत राहिले. मान्यतेचा कागद म्हणजे गुणवत्ता नव्हे आणि रोजगारही नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

छत्तीसगढमध्ये तर खुद्द राज्यच ह्या व्यवहारात उतरले. २००२ च्या कायद्याने तेथे केवळ अधिसूचना काढून खासगी विद्यापीठे स्थापन करण्याची सोय झाली आणि पाहता पाहता अशी ११२ विद्यापीठे कागदावर अवतरली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल ह्यांनी स्वतः त्याविरुद्ध याचिका केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी त्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी संलग्न करण्याची उपाययोजना राज्याने करावी, असेही न्यायालयाने सांगितले. येथे विद्यार्थ्याने राज्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला होता, म्हणून त्याची सोय लावणे हे राज्याचे ऋण होते. ज्या संस्थेला कधीच मान्यता नव्हती तिचा विद्यार्थी आणि शासनाने मान्यता देऊन नंतर काढून घेतली त्या संस्थेचा विद्यार्थी, ह्या दोहोंत आपणही हा भेद केला पाहिजे.

आणखी एक अलीकडचे प्रकरण सांगतो. उत्तर प्रदेशातील उन्नाव येथील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाने २०१७-१८ मध्ये १३२ विद्यार्थ्यांना विहित प्रवेशप्रक्रिया डावलून प्रवेश दिला होता. महाविद्यालय मान्यता नसलेले नव्हते, पण प्रश्न ह्याच जातीचा आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण करू दिले, मात्र पदवीनंतर दोन वर्षे समाजसेवा करण्याची अट घातली आणि संस्थेला पाच कोटी रुपये भरावयास लावले. विद्यार्थ्यांना सवलत द्यावी की न द्यावी, ह्यावर मतभेद होऊ शकतील. परंतु बेकायदा प्रवेशाची किंमत संस्थेच्या तिजोरीतून वसूल करता येते, एवढे तरी त्यातून दिसले. त्याच्या शेजारी विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा कायदा ठेवून पाहा. स्वतःला खोटेपणाने विद्यापीठ म्हणविणाऱ्यास त्यात दंड आहे तो फार तर एक हजार रुपये. एका विद्यार्थ्याच्या प्रवेशअर्जाच्या विक्रीत तो वसूल व्हावा!

महाराष्ट्र विधिमंडळानेही २०१३ मध्ये अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रम यांना मनाई करणारा कायदा केला आहे. कायद्याच्या पुस्तकात मनाई असणे आणि फसलेल्या मुलाच्या हाती पैसे परत पडणे, ह्यांत फार अंतर असते. म्हणून आपली मागणी यापुढे बदलली पाहिजे. पदवी द्या असे न म्हणता नुकसान भरून द्या, असे आपण म्हटले पाहिजे, आणि ते पुढील स्वरूपात.

पहिली गोष्ट, मान्यतेपूर्वी प्रवेश दिल्याचे आढळताच, फिर्यादीची वाट न पाहता, जिल्हाधिकाऱ्यांनी संस्थेचे खाते गोठवावे. दुसरी, घेतलेली सर्व रक्कम व्याजासह आणि वाया गेलेल्या वर्षाच्या भरपाईसह परत मिळावी. ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी आणि न्यासाकडे मालमत्ता नसेल तर विश्वस्तांच्या खासगी मालमत्तेतून घ्यावी. पावती रकमेच्या एका हिश्शाचीच असते, तेव्हा घेतलेली रक्कम किती, हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असावा. तिसरी, अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर परीक्षेऐवजी पैशाचा विचार व्हावा. याचिका दाखल झाली की संस्थेने सर्व शुल्क न्यायालयात जमा करावे, असा आग्रह सरकारी वकिलांनी धरावा आणि विद्यार्थ्यांना संस्थेपासून स्वतंत्र असा विधी-साहाय्याचा वकील मिळावा. चौथी, मान्यतेच्या अर्जांचा निकाल प्रवेशाच्या हंगामापूर्वी लागावा, मान्य संस्थांची यादी साध्या मराठीत प्रत्येक तहसील कचेरीत आणि कनिष्ठ महाविद्यालयात लागावी, आणि बेकायदा वर्ग भरत असताना ज्या अधिकाऱ्याने डोळेझाक केली त्यालाही जाब विचारला जावा.

ह्या चारही उपायांनी फसवणुकीला आळा बसेल, गरज मात्र संपणार नाही. जोवर शासकीय जागा थोड्या आहेत आणि त्यांच्या बाहेर लाखो मुले उभी आहेत, तोवर कोणी ना कोणी फलक लावणारच. आपल्याच राज्यातील डी. एड. संस्थांच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ च्या अहवालात शिफारस केली होती की, अध्यापक-शिक्षणाच्या संस्था उभ्या करण्यात शासनाने स्वतःची गुंतवणूक वाढवावी. शिक्षकांच्या बाबतीत जे खरे, ते परिचारिका, औषधनिर्माते आणि डॉक्टर यांच्याही बाबतीत खरे आहे.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी अशा महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या कार्यालयात येतील, तेव्हा त्यांना मोर्चाची तारीख देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पैसे किती दिले, कोणाच्या हाती दिले, आणि तुमच्या याचिकेच्या वकिलाचे शुल्क कोण भरतो? ह्या तीन उत्तरांतून लढाई कोणाविरुद्ध आहे ते त्यांनाही कळेल आणि आपल्यालाही. ती लढाई विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या दारात न लढता संस्थाचालकाच्या आणि शासनाच्या दारात लढली पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे होते.