लघवीची गोळी नेमकं काय करते?

पिंगळीत काय, परभणीत काय, पायावर सूज असलेल्या माणसाच्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. मग डॉक्टर ‘लघवीची गोळी’ देतात. ही गोळी पाणी ओढून काढते असं आपण समजतो. खरं तर ती मिठाची वाट अडवते.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं मीठ-पाणी रक्तात परत घेतात. हे काम बारीक नलिकांच्या पेशींचं. त्यांच्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात. एका दारातून सोडियमचा एक कण, पोटॅशियमचा एक आणि क्लोराइडचे दोन, असे चौघं मिळूनच आत शिरतात. फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली लॅसिक्स, हेच दार बंद करते. मीठ नलिकेतच राहतं आणि पाणी मिठाच्या मागे लघवीत जातं. थायाझाइड गटाच्या गोळ्या पुढचं लहान दार अडवतात. म्हणून त्यांचा जोर कमी, पण बीपीला त्या चांगल्या लागू पडतात.

या दोन्हींमुळे पोटॅशियमही लघवीतून जातं. पायात गोळे येणं, गळून जाणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, घामावाटे मीठ आधीच गेलेलं असतं. त्यात जुलाब-उलट्या लागल्या, तर गोळी मनानं चालूही ठेवू नका, बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.