साहित्य, इतिहास, गणित आणि आपले कर्जखत
(एका खेड्यातील हायस्कुलात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे झालेले भाषण)



मूल नववीत गेले की आमच्या कानी एक प्रश्न हटकून येतो. "गुरुजी, कविता पाठ करून पोट भरते काय? मेलेल्या राजांच्या सनावळ्या घोकून कांद्याला भाव येतो काय? आणि गणित तर पोरीच्या डोक्यात शिरतच नाही. त्यापेक्षा तिला खुरपायला नेतो." असे विचारणारास आम्ही हसत नाही. ज्याच्या डोक्यावर देणे आहे, त्याने प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारावा हे रास्तच होय. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण दिले. परंतु चौदावे संपले की सक्ती संपते, आणि पुढचा निकाल चुलीपुढे बसून आईबापच लावतात. म्हणून आज आम्हांस मुलांपेक्षा तुमच्याशीच अधिक बोलावयाचे आहे.

हे विषय आपल्या मुलांस हवेत अशी मागणी कोणी शहरी पंडिताने प्रथम केली, असे समजू नका. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा वसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हे त्यांनी तेथे स्पष्ट मांडले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे असावे असे सांगून त्यांनी खेड्यातल्या मुलांच्या अभ्यासाची यादीही दिली: मोडी व बालबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल, आणि त्यांबरोबर शेतकीचे थोडे ज्ञान. शेतकी शिकवा नि बाकीचे सोडा, असे ते म्हणाले नाहीत. का म्हणाले नाहीत, ते पाहू.

शेतकऱ्यास खत म्हटले की उकिरडा आठवतो. पण दुसरेही एक खत आहे, कर्जाचे. त्याने शेत पिकत नाही, जाते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. दंग्याचे लोण नगर जिल्ह्यातही गेले. लोकांचा मुख्य रोख खतांवर होता. कागद हाती येताच त्यांनी ते जाळले. हा आमचा इतिहास. यात राजा नाही, मुकुट नाही, म्हणून तो इतिहास नव्हे काय?

ते कागद जाळण्याइतका राग का आला, हे गणित सांगते. समजा, 100 रुपये कर्ज, दरमहा शेकडा 2 रुपये व्याज. सरळ व्याजाने चार वर्षांत 196 रुपये होतात. पण सावकार दरसाल जुने खत फाडून व्याज मुद्दलात घालून नवे खत करी. म्हणजे पहिल्या साली 124, मग 153, मग 190, आणि चौथ्या साली 236 रुपयांच्या वर! जुना दामदुपटीचा नियम होता की थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही. पण खतच नवे झाले, तर मुद्दलही नवे झाले! अंगठा उठवणारास यातले काय कळणार? 1879 साली सरकारने शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन देवघेवीचा आरंभापासूनचा हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. हिशेबाचाही इतिहास असतो, हे सरकारास कळावयास एवढी जाळपोळ व्हावी लागली.

आता कोणी म्हणेल, सावकारी मागे पडली. बरे तर, आजचे घ्या. बायकांच्या गटात येऊन कोणी सांगतो, "12000 घ्या, व्याज फक्त 12 टक्के, वर्षभर दरमहा 1120 चा हप्ता." ऐकायला गोड. दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी आहे. ती येथे लावा. दरमहा 1000 मुद्दल फिटते. पहिल्या महिन्यात 12000 तुमच्याजवळ, दुसऱ्यात 11000, शेवटी 1000. बेरीज 78000, बारांनी भागा, 6500. वर्षभर वापरावयास सरासरी साडेसहा हजारच मिळाले आणि व्याज मात्र 1440 दिले. हे बारा टक्के नव्हेत, बावीसच्या आसपास झाले. जिला तुम्ही खुरपायला नेणार होता, ती पोर हे पाटीवर दहा मिनिटांत करून दाखवील.

राहिली भाषा. 'गहाण' आणि 'मुदत खरेदी' हे दोन शब्द कागदावर शेजारी राहतात. पण दुसऱ्यात मुदत टळली की जमीन देणाऱ्याची राहत नाही. असे शब्द ओळखणे भाषेचे केवळ अर्धे काम होय. आपले दुःख आपल्या शब्दांत मांडता येणे हे उरलेले अर्धे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेला जुलूम त्या कोवळ्या वयाच्या पोरीने लिहून ठेवला. तो तिने लिहिला नसता, तर त्या घरांच्या बाजूने दुसऱ्या कोणी लिहिला असता असे आम्हांस वाटत नाही. तुमच्या मुलीच्या कुमारभारतीतला निबंध तपासताना म्हणूनच आम्ही सुंदर वाक्ये शोधत नाही. तिच्या घरचे काही त्यात आले आहे काय, ते पाहतो.

सुतार-गवंडी बंधू म्हणतील, आमचे काय? तुम्ही पायाची आखणी करताना एका बाजूस 3 फूट, दुसरीस 4 फूट मापून कर्ण 5 फूट येतो की नाही ते पाहता, आणि कोपरा गुण्यात बसवता. तुमचा मुलगा तेच हायस्कुलात शिकतो, फक्त नाव ऐकून घाबरतो. त्यास एक दिवस पायावर न्या, मग तो घाबरणार नाही. आणि उद्या मजुरीचा हिशेबही मुकादमाच्या तोंडून न ऐकता स्वतः मांडील.

आता ठरवावयाचे ते सांगतो. दर शनिवारी दिवेलागणीस नववी-दहावीची मुले शाळेच्या पडवीत बसतील. ज्याच्या घरी सातबारा, आठ-अ, सोसायटीचा उतारा किंवा हप्त्याचे कार्ड असेल, त्याने ते घेऊन यावे. मुले मोठ्याने वाचतील, अडलेला शब्द विचारतील, हिशेब वहीत मांडतील. कागद मुलांच्या हाती ठेवून घरी जाऊ नका, आपल्यासमोरच वाचवून घ्या. आणि ज्यांनी मुलगी काढण्याचे ठरविले आहे, त्यांनी पहिल्या शनिवारी तिलाच घेऊन यावे.